थॉरचा हातोडा

धर्मगुरूची बदली झाली, की आयुष्याचा हिशेब एका पत्र्याच्या ट्रंकेत भरावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्यावर ती वेळ आली. जुन्या प्रवचनांच्या वह्या, सेमिनरीतली टिपणे, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका असा ढीग उपसत असता तळाशी एक इंग्रजी चित्रकथेचे पुस्तक हाती लागले. कागद पिवळा पडलेला, पाठीवरच्या पिना गंजलेल्या. मुखपृष्ठावर घोड्याच्या तोंडाचा एक अक्राळविक्राळ प्राणी हातातल्या हातोड्याने पुस्तकाच्या नावाचीच अक्षरे फोडत होता. ते पुस्तक आमचे नव्हते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही ते एका मुलाकडून काढून घेतले होते, आणि परत देऊ म्हणून कधीच दिले नव्हते.

आमची गुरुदीक्षा तेव्हा नुकतीच झाली होती. एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू म्हणून काम पाहत होतो. रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग असे, आणि त्या दिवशी विषय होता पहिली आज्ञा. मागच्या बाकावरचा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा धर्मशिक्षणाच्या पुस्तकाआड दुसरेच काही वाचतो आहे, हे आमच्या ध्यानात आले. आम्ही त्याला उभे केले. तो घाबरला नाही. उलट काहीतरी मौल्यवान दाखवावे तसे त्याने ते पुस्तक वर धरले आणि म्हणाला, "फादर, हा थॉरचा हातोडा. जो लायक असेल त्यालाच तो मिळतो. हा दिसायला राक्षस आहे, पण याला मिळाला. फादर, तुम्हांला उचलता येईल?"

सारा वर्ग हसला. आम्हांला राग आला तो त्या हसण्याचा; पण तो काढला त्या मुलावर. पहिल्या आज्ञेच्या तासाला परक्या दैवतांची चित्रे घेऊन बसतोस काय, असे आम्ही गरजलो आणि पुस्तक जप्त केले. सेमिनरीत चर्चच्या इतिहासाच्या तासाला आम्ही संत बोनिफासची कथा ऐकली होती. आठव्या शतकात, ७२३ च्या सुमारास, त्यांनी जर्मनीतील गाइस्मार येथे थॉर दैवताला वाहिलेला प्रचंड ओक वृक्ष कुऱ्हाडीने तोडला. जर्मन लोक थॉरला डोनार म्हणत. झाड पडले, वीज काही कोसळली नाही, आणि लोकांची भीती गेली. त्या रविवारी एका बारा वर्षांच्या पोराचे पुस्तक ओढून घेताना आपण संत बोनिफासच्या पंक्तीला बसलो, असे आम्हांला वाटले असावे. संतांचे धैर्य आमच्यापाशी नव्हते. हाती आली ती नुसती कुऱ्हाड.

गेल्या उन्हाळ्यात, सामानाच्या ढिगात मांडी घालून, आम्ही ते पुस्तक प्रथमच वाचले. नोव्हेंबर १९८३ चा तो अंक. वॉल्टर सायमनसन या लेखक-चित्रकाराने त्या अंकापासून थॉरच्या चित्रकथेची सूत्रे हाती घेतली होती. वाचून झाल्यावर आम्ही अस्वस्थ झालो, कारण मुलाचा प्रश्न उद्धट नव्हता. तो त्या कथेचा गाभाच होता. मग आम्ही मुळापर्यंत जायचे ठरवले आणि नॉर्स पुराणकथांची इंग्रजी भाषांतरे मिळवून वाचली.

आपल्या घरांतल्या मुलांना थॉर कोण हे आज सांगावे लागत नाही. २०११ पासून त्याच्यावर चित्रपट निघाले, आणि सोनेरी केसांचा तो बलदंड वीर दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर येऊन बसला. वडीलधाऱ्यांसाठी मात्र थोडे सांगायला हवे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड या उत्तरेकडच्या देशांत ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी जी दैवते पूजली जात, त्यांत ओडिन हा प्रमुख आणि थॉर हा त्याचा पुत्र, मेघगर्जनेचा देव. इंग्रजीतला 'थर्सडे' हा त्याचाच वार. आपला गुरुवार बृहस्पतीचा, म्हणजे गुरू ग्रहाचा, आणि त्याच ग्रहाला रोमन लोक आपल्या ज्युपिटर देवाचे नाव देत; उत्तरेकडच्या लोकांनी त्या वाराला ज्युपिटरच्या जागी थॉरचे नाव दिले. ज्या पवित्र गुरुवारी आम्ही धर्मग्रामस्थांचे पाय धुतो, त्याच्या इंग्रजी नावात हा हातोडेवाला शतकानुशतके मुकाट्याने बसून आहे, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

पण मुळातला थॉर चित्रपटातल्या थॉरसारखा नाही. त्याची दाढी लाल आहे. तो कोपिष्ट आहे, खादाड आहे, आणि कित्येकदा हास्यास्पदही आहे. त्याचा रथ दोन बोकड ओढतात. रात्री तो त्यांना कापून खातो, हाडे कातड्यावर नीट मांडून ठेवतो आणि सकाळी हातोडा फिरवून त्यांना जिवंत करतो. त्याचा हातोडा, म्योल्निर, दोन बुटक्या कारागिरांनी घडवला. भात्यावर बसलेल्या कारागिराच्या पापणीला लोकी माशीचे रूप घेऊन डसला. कारागिराने डोळ्यांवर आलेले रक्त पुसण्यासाठी क्षणभर भाता सोडला, आणि म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. तो धरायला थॉरला लोखंडी हातमोजे लागतात, आणि बळ वाढवणारा कमरपट्टाही लागतो.

या जुन्या कथांत लायकीची अट कुठेही नाही. एका कथेत तर थ्रिम नावाचा राक्षस हातोडा चोरून जमिनीखाली आठ कोस पुरून ठेवतो, आणि फ्रेया देवी बायको म्हणून मिळाली तरच परत देईन म्हणतो. फ्रेया संतापून नकार देते. तेव्हा देवांच्या सभेत ठरते, की थॉरनेच नवरीचा वेष करून जावे. दाढीवर घुंगट ओढून ही नवरी लग्नाला जाते, आख्खा बैल आणि आठ मासे फस्त करते, आणि लग्नविधीसाठी हातोडा मांडीवर ठेवला जाताच तो उचलून साऱ्या वऱ्हाडाचा निकाल लावते. चोराने हातोडा नेला तेव्हा त्याची लायकी कोणी विचारली नाही. ज्याच्या हाती हातोडा, त्याची सत्ता, इतका साधा तो हिशेब होता.

मग लायकी आली कोठून? त्यासाठी या कथा आपल्यापर्यंत कशा पोहोचल्या हे पाहिले पाहिजे, आणि तिथे आमच्यासारख्या धर्मगुरूला मान खाली घालायला लावणारी हकीकत आहे. इसवी सन १००० च्या सुमारास आइसलँडच्या लोकसभेत जुना धर्म की ख्रिस्ती धर्म यावरून देश दुभंगण्याची वेळ आली. निवाडा थोरगेयर या कायदेप्रमुखावर सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला, आणि उठल्यावर म्हणाला, की देशाचा कायदा एक आणि धर्मही एक असावा. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. जुन्या लोकांच्या काही चालीरीतींना घरातल्या घरात काही काळ मोकळीकही ठेवण्यात आली. रक्तपात टळला.

त्यानंतर सुमारे दोनशे वीस वर्षांनी, त्याच देशात, स्नोरी स्टर्लुसन नावाच्या ख्रिस्ती माणसाने जुन्या देवांच्या कथा लिहून काढल्या. तोही त्या लोकसभेचा कायदेप्रमुख होता. त्याला थॉरची पूजा करायची नव्हती. त्याला चिंता होती कवितेची. जुनी कविता देवांच्या कथांच्या संदर्भांनी भरलेली, आणि तरुण कवींना ते संदर्भ उमगेनासे झाले होते. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी परमेश्वराने केलेली सृष्टी, आदाम आणि नोहाचा जलप्रलय येतो, आणि हे देव म्हणजे मुळात आशिया खंडातून, ट्रॉयमधून आलेली थोर माणसे होती असे सांगितले जाते. म्हणजे चित्रकथावाल्यांच्या साडेसातशे वर्षे आधी थॉरला नव्या वाचकांसाठी नवे रूप देणारा माणूस मिस्साला जाणारा होता. १२४१ साली राजकीय वैरातून त्याची हत्या झाली, ग्रंथ उरला.

जुन्या देवकाव्यांचे दुसरे हस्तलिखित तेराव्या शतकातले. त्याची आज ४५ चामडी पाने शिल्लक आहेत. १६४३ साली ते आइसलँडमधील स्काल्होल्टचे लुथरन बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइनसन यांच्या हाती आले. बिशपांनी ते जाळले नाही. १६६२ मध्ये त्यांनी ते डेन्मार्कच्या राजाकडे पाठवले. १९७१ च्या एप्रिलमध्ये ते जहाजाने मायदेशी परत आले, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर लोकांनी गर्दी केली होती. बिशपांच्या जपणुकीमुळे टिकलेल्या दैवताचे पुस्तक आम्ही एका मुलाच्या हातून ओढून घेतले होते.

आता लायकीकडे येऊ. ऑगस्ट १९६२ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'जर्नी इंटू मिस्टरी' या मासिकाच्या ८३ व्या अंकात थॉर प्रथम मार्व्हलच्या वीरांत सामील झाला. कल्पना स्टॅन ली यांची, संवाद त्यांचे धाकटे बंधू लॅरी लीबर यांचे आणि चित्रे जॅक कर्बी यांची. तिघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले. कर्बी दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली सैनिक म्हणून फ्रान्समध्ये उतरले होते. ज्या नाझींशी ते लढले, त्या नाझींनी उत्तरेच्या या जुन्या चिन्हांना आपल्या गणवेशावर मिरवले होते आणि वंशश्रेष्ठत्वाच्या विषात बुडवले होते. युद्ध संपून वीस वर्षेही झाली नव्हती, आणि त्या ज्यू चित्रकाराने थॉरचे चित्र काढले ते दुर्बळांच्या रक्षणाला धावणाऱ्या वीराचे.

त्या पहिल्या कथेत डॉन ब्लेक नावाचा एक लंगडा, किरकोळ अंगाचा डॉक्टर नॉर्वेत सुटीसाठी गेलेला असतो. परग्रहावरच्या शत्रूंपासून पळताना तो एका गुहेत अडकतो. तिथे सापडलेली काठी रागाने दगडावर आपटताच काठीचा हातोडा होतो आणि डॉक्टरचा थॉर. हातोड्यावर कोरलेले असते, की जो लायक असेल त्यालाच ही शक्ती लाभेल. मुळातल्या लोखंडी हातमोज्यांची जागा इथे माणसाच्या अंतःकरणाने घेतली. पुढे डिसेंबर १९६८ च्या अंकात उलगडा होतो, की डॉक्टर असा वेगळा कोणी नव्हताच. उन्मत्त झालेल्या थॉरला नम्रता शिकावी म्हणून त्याच्या पित्यानेच त्याची आठवण पुसून त्याला एका पंगू देहात पृथ्वीवर धाडले होते. काठी टेकत चालणे आणि आजाऱ्यांची सेवा करणे, हाच त्याचा अभ्यासक्रम.

आमच्या ट्रंकेतल्या १९८३ च्या अंकात ही कल्पना आणखी एक पाऊल पुढे जाते. दूरच्या तारकांमधून आलेला, शस्त्रक्रियांनी विद्रूप झालेला, घोड्याच्या तोंडाचा बीटा रे बिल आपल्या निर्वासित लोकांचे रक्षण करीत निघालेला असतो. झटापटीत थॉरचा हातोडा हातून सुटतो, त्याचा पुन्हा लंगडा डॉक्टर होतो, आणि हातोड्याची होते काठी. ती काठी या परक्याच्या हाती लागते. तो ती भिंतीवर आपटतो, आणि थॉरची सारी शक्ती त्याला मिळते. दिसायला राक्षस, पण याला मिळाला, असे तो मुलगा म्हणाला होता ते हेच. अलीकडे, २०१४ पासूनच्या कथांत, थॉर स्वतःच लायकी गमावतो आणि हातोडा उचलते जेन फॉस्टर, कर्करोगाने जर्जर झालेली स्त्री. थॉरचे रूप धारण केले, की तिच्या शरीरात गेलेले औषध नाहीसे होते आणि रोग बळावतो. तरी ती प्रत्येक हाकेला धावते.

हे सारे वाचताना आम्हांला राहून राहून आठवत होता तो कफर्णहूमचा शताधिपती. तोही परका, सत्ताधारी परकीयांच्या सैन्यातला. आपल्या घराच्या छपराखाली प्रभूने यावे एवढी आपली पात्रता नाही, असे त्याने सांगितले, आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सारे त्याचीच कबुली आपल्या तोंडी घेतो. चित्रकथा आणि वेदी यांत इथे फरक पडतो. हातोडा लायकी पाहतो आणि नालायकाला जागच्या जागी सोडून देतो. वेदीवरचे दान पात्रता नसल्याची कबुली ऐकून घेते आणि मग हातावर येते. पण या फरकापर्यंत पोहोचायचे तर आधी लायकीचा प्रश्न मनाला भिडावा लागतो. तो त्या मुलाला भिडला होता. वर्गात शिकवणाऱ्याला भिडला नव्हता.

एका बाबतीत मात्र आमचे मत जुन्या कथांच्या बाजूने आहे. त्यांना शेवट आहे. रॅग्नरॉकच्या, म्हणजे देवांच्या अंताच्या दिवशी, ओडिनला लांडगा गिळतो. थॉर पृथ्वीला वेढा घालून बसलेल्या महासर्पाला ठार मारतो, नऊ पावले चालतो आणि विषाने कोसळतो. हे असे होणार हे देवांना आधीपासून ठाऊक असते, आणि तरी ते शस्त्रे परजून उभे राहतात. चित्रकथेत थॉरला मरण परवडत नाही, कारण पुढचा अंक विकायचा असतो. २००४ साली त्यांनीही रॅग्नरॉक घडवला आणि थॉरला संपवले; २००७ मध्ये तो परत आला. हे पुनरागमन बाजारपेठेचे, त्याला पुनरुत्थान म्हणता येत नाही.

जुन्या थॉरची आणखी एक गोष्ट आम्हांला फार जवळची वाटली. एका मायावी राजाच्या दरबारात त्याला कुस्ती खेळायला एक म्हातारी दाई देतात. थॉर जितका जोर लावतो तितकी ती घट्ट उभी राहते, आणि अखेर त्याला एका गुडघ्यावर आणते. दुसऱ्या दिवशी राजा सांगतो, की ती म्हातारी म्हणजे वार्धक्य होते. तिच्यापुढे इतका वेळ कोणीही टिकलेले नाही. हल्ली वेदीसमोर गुडघा टेकल्यावर उठताना आम्हांला बाकाचा आधार लागतो. त्या वेळी ही म्हातारी आठवते, आणि लाल दाढीच्या त्या दांडगटाबद्दल जिव्हाळा वाटतो. चित्रपटातल्या थॉरला हा अनुभव कोण देणार?

बदलीच्या आधी दोन दिवस आम्ही ते पुस्तक घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचा पत्ता त्याच्या आईने दिला. मुलगा आता चाळिशीला टेकलेला, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करतो. त्याने पुस्तक हातात घेतले, चाळले, आणि मोठ्याने हसला.

"फादर, हे अजून आहे? मला वाटलं, तुम्ही तेव्हाच जाळलं असेल."

आम्ही क्षमा मागितली. तो संकोचला. चहा आला. मग कपाकडे बघत, कुठलीही तक्रार नसल्यासारखा तो म्हणाला, "पुस्तकाचं काही नाही, फादर. रद्दीवाल्याकडून घेतलं होतं. पण त्यानंतर मी वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. शाळेतसुद्धा नाही."

पंचवीस वर्षांत आम्ही किती प्रवचने दिली त्याची मोजदाद नाही. त्यांतले एखादे वाक्य तरी कोणाच्या लक्षात असेल की नाही, देव जाणे. पण एका मुलाचे तोंड आम्ही मिटवले, ते मिटलेलेच राहिले. वाचकहो, आपल्या घरात एखादे पोर काहीबाही पुस्तक पुढे करून विचित्र प्रश्न विचारील. थॉर विचारील, आणखी कोणी विचारील. पुस्तक कोणाचे आहे ते नंतर पाहता येते. प्रश्न कशाचा आहे तो आधी ऐकावा, एवढीच विनंती.

निघताना आम्ही त्याला सांगितले, की तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे. नाही, उचलता आला नसता. तेव्हाही नाही आणि आजही नाही.

त्याने पुस्तक मिटून मुलाच्या दप्तरावर ठेवले आणि म्हणाला, "फादर, तेव्हा एवढं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."